चिंच लावलेलं नाणं

ऑगस्ट संपत आला की इथे आयर्लंडमध्ये, आमच्या ओंगारहून शेजारच्या क्लोनीकडे जाताना मला गाडीची काच खाली करावीशी वाटते. सातू कापून झालेला असतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी धसकटं, मधे पेंढ्याचे मोठाले गोल गठ्ठे, आणि कोरड्या काडाचा, धुळीचा आणि किंचित डिझेलचा वास. मंजिरी म्हणते, "काच वर घे, मला शिंका येतात." मी घेतो, पण जरा उशिराच. लग्नाला बारा वर्षं झाली, तिला हा उशीर पाठ आहे.

यंदाही तसंच झालं. मागच्या रविवारी एका शेतात हार्वेस्टर चालू होता आणि त्याच्या मागे धुळीचा मोठा पट्टा उठला होता. मी गाडी कडेला घेतली आणि बघत बसलो. मंजिरीने विचारलंही नाही. तिला माहीत असतं की कापलेलं शेत दिसलं की हा माणूस २०१० सालात जाऊन बसतो, आणि त्याला तिथून हाकलण्यात अर्थ नसतो.

ते मंदीचं साल, तसं वाईट होतं. निदान सगळे तसं म्हणत होते. आमच्या इस्टेटमधली, म्हणजे वसाहतीतली, घरांची शेवटची रांग अर्धवट बांधून तशीच सोडलेली होती, खिडक्यांना फळ्या मारलेल्या. क्लोनडॉकिनच्या बिझनेस पार्कात मी सॉफ्टवेअर टेस्टर होतो, अजूनही आहे. आमच्या मजल्यावरच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. माझी खुर्ची राहिली, पण ओव्हरटाइम बंद झाला, आणि आयर्लंडला आल्यापासून पहिल्यांदाच मी सहाच्या आत घरी येऊ लागलो. उन्हाळ्यात इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. एवढ्या उजेडाचं करायचं काय, हा प्रश्न मला त्या वर्षी प्रथमच पडला.

मग मी मेटल डिटेक्टर घेतला. इंटरनेटवर एका माणसाने जुनी नाणी शोधतानाचे व्हिडिओ टाकले होते. तो इंग्लंडमधल्या कुठल्याशा शेतात फिरायचा, कानाला हेडफोन, यंत्र वाजलं की गुडघ्यावर बसून मातीत बोटं घालायचा. मी ते एकामागून एक पाहिले. जन्मभर लोकांच्या कामातल्या चुका शोधून पगार घेतलेला मी, मला वाटलं, एकदा काहीतरी चांगलंही शोधून बघू.

खोका आला तेव्हा आई नुकतीच इस्लामपूरहून आलेली होती, तीन महिन्यांच्या व्हिसावर. बाबा गेल्यानंतरची तिची ही पहिलीच खेप. तिने ती लांब दांडी, खालची थाळी, वायरी सगळं नीट बघितलं आणि म्हणाली, "ह्यानं गवत कापायचं व्हय?" मी समजावून सांगितलं. "म्हंजे दुसऱ्याचं सांडल्यालं हुडकायचं," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली. इतकं नेमकं वर्णन त्या खोक्यातल्या पुस्तिकेतही नव्हतं.

पहिला आठवडा आमच्याच परसात गेला. बागेत पाऊल ठेवलं की यंत्र बोंब मारायचं. खणून बघावं तर बिल्डरचे खिळे, तारेचे तुकडे, सिमेंटच्या पिशवीची चंदेरी कडा आणि बिअरच्या डब्यांची झाकणं. बांधकामावरचे लोक बरेच प्यायलेले दिसत होते. मी प्रत्येक वस्तू वहीत नोंदवायचो, ती कुठे मिळाली, किती खोल होती, आवाज कसा आला. टेस्टरची सवय, जाता जात नाही. मंजिरीने ती वही वाचली आणि म्हणाली, "नितीन, तू खिळ्यांचे बग रिपोर्ट लिहितोयस." तीन दिवसांत हिरवळीची चाळण झाली.

चूक माझ्या हातात होती आणि ती आईने दाखवली. ती मागच्या दारात खुर्ची टाकून, माझा जुना स्वेटर घालून भेंडी चिरत बसली होती. बराच वेळ बघून म्हणाली, "आरं, झाडू मारल्यागत काय करतुयास? सारवल्यागत फिरव की. सारवताना हात उचलत न्हाईत. अन् मागचा पट्टा थोडा पुढच्यात घ्याचा, म्हंजे मधी कोरं राहत न्हाई." मी तसं करून पाहिलं. थाळी जमिनीला लगटून, अर्धगोल, हळू, एकात एक. त्या दिवसापासून यंत्र शहाण्यासारखं बोलायला लागलं. पुढे कधीतरी पुस्तिका नीट वाचली तर त्यात चार पानं खर्चून हेच सांगितलेलं होतं, फक्त शेणाचा उल्लेख नव्हता.

मग आम्ही डोनाबेटच्या किनाऱ्यावर जाऊ लागलो, शनिवारी सकाळी, भरती ओसरल्यावर. वारा कानशिलावर सपासप लागायचा. ओल्या वाळूत खणण्याचं सुख मला नीट सांगता येणार नाही. फावडं आत जाताना एक मऊ आवाज होतो, खड्ड्यात लगेच पाणी झिरपतं, आणि त्या पाण्यात हात घातला की बोटं बधिर होतात. बधिर बोटांना काहीतरी गोल लागतं तेव्हा छातीत जे होतं, ते मी लहानपणानंतर विसरलो होतो. पहिलं नाणं दोन सेंटचं निघालं. त्याने काय येतं म्हणाल तर काही नाही. मी ते मुठीत धरून आईकडे पळत गेलो, बत्तीस वर्षांचा घोडा.

युरो यायच्या आधीची नाणीही सापडायची, आणि ती आईला फार आवडायची. त्यांच्यावर एका बाजूला हार्प नावाचं इथलं तंतुवाद्य, आणि दुसऱ्या बाजूला जनावरं. कुठे मासा, कुठे घोडा, पौंडावर शिंगंवालं हरीण. पाच पेन्सवर बैल होता. "बैल हाय," आई म्हणाली, "वशिंड न्हाई, पण हाय." तो बैल तिने पदराने पुसला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला. पुढारी नाही, राजा नाही, बैल, ही तिला या देशाबद्दल पटलेली पहिली गोष्ट होती. थंडीबद्दल आणि भाज्यांबद्दल तिचं मत शेवटपर्यंत वाईटच राहिलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्याच वर्षी मार्चमध्ये मी आयर्लंडच्या नागरिकत्वाचा अर्ज केला होता. राहून सहावं वर्ष चालू होतं. अर्जात लिहिलेलं असतं की अर्जदार चांगल्या चारित्र्याचा हवा, आणि पोलिसांत, म्हणजे इथल्या गार्डांत, त्याच्याविरुद्ध काही असता कामा नये. उत्तराला दोन वर्षंसुद्धा लागायची. त्या काळात माझ्याइतका सज्जन माणूस अख्ख्या काउंटीत नसेल. इथे टीव्ही ठेवायला सालाचं लायसन्स लागतं, तेही मुदतीआधी भरायचो. रिकाम्या रस्त्यावर सुद्धा पादचाऱ्यांच्या हिरव्या दिव्याची वाट बघत उभा राहायचो. तो कागद मला मनापासून हवा होता. दर वर्षी इमिग्रेशनच्या रांगेत पहाटेपासून उभं राहून, "अजून एक वर्ष राहू का" असं विचारण्याचा मला कंटाळा आला होता. आईला अर्जाचं माहीत होतं. ती त्यावर काहीच बोलली नव्हती. मीही विचारलं नव्हतं, कारण उत्तर काय येईल त्याची धास्ती होती.

जेरीची ओळख फाटकापाशी झाली. संध्याकाळी मी आणि आई फिरायला जायचो, क्लोनीच्या पलीकडे, जिथे घरं संपून शेतं सुरू होतात. सत्तरीचा, टोपी घातलेला हा शेतकरी फाटकाला रेलून उभा होता आणि जमिनीकडे बघून स्वतःशीच शिव्या देत होता. ट्रेलर ट्रॅक्टरला जोडायची लोखंडी पिन कापणीत कुठेतरी पडली होती. मी जरा घाबरतच म्हणालो की माझ्याकडे एक यंत्र आहे. "तसं असेल तर देवानेच धाडलं तुला," तो म्हणाला.

दोन संध्याकाळी लागल्या. मी सारवत होतो, आणि आई आणि जेरी फाटकापाशी गप्पा मारत होते. त्यांना एकमेकांचा एकही शब्द कळत नव्हता. आईने एक राहिलेली लोंबी तळहातावर चोळली, फुंकर मारून कूस उडवलं, दाणा दातांखाली धरला आणि मान हलवली. जेरीनेही तेच केलं आणि त्यानेही मान हलवली. मग ती पेंढ्याच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून काही बोलली, बहुधा गुरांना हा पेंढा चालतो का असं, आणि तो त्यावर बरंच बोलला. घरी येताना म्हणाली, "माणूस चांगला हाय. गुडघं दुखत्यात म्हणं त्येचं." हे तिला कसं कळलं, ते मला आजतागायत माहीत नाही.

पिन सापडली. वीतभर लांब, गंजकी, बांधाजवळ. जेरीने ती हातात तोलली आणि म्हणाला, "फेअर प्ले टू यू," म्हणजे शाब्बास. मग हाताने सगळं शेत दाखवून म्हणाला, "वर्क अवे. नांगरेपर्यंत फिर कुठेही." इथे 'वर्क अवे' म्हणाले की खुशाल चालू दे, असा अर्थ असतो. मी खुशाल चालू दिलं.

तिसऱ्या संध्याकाळी ते सापडलं. ऊन तिरपं झालं होतं, धसकटांच्या सावल्या लांब पडल्या होत्या, कुंपणाच्या झुडपांत काळ्या बेरी पिकलेल्या. यंत्रातून असा गोल, स्वच्छ आवाज आला की मी दोन्ही बाजूंनी पुन्हापुन्हा फिरवून खात्री केली. चार बोटं खाली, ढेकळाच्या पोटात, एक हिरवी चकती. मी थुंकी लावून पुसलं तर एका बाजूला पुसटसा हार्प. दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी डोकं, नाक झिजलेलं. मी तिथेच बसलो. आई शेजारी उभी. तिने ते हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मला फार आनंद झाला होता, इतका की वहीत नोंद करताना अक्षर नीट येईना. फाटकापासून एकशे बारा पावलं, कुंपणापासून नऊ.

अशा संध्याकाळी आयुष्यात फार मोजक्या मिळतात. आणि मिळतात तेव्हा आपण बहुतेक डास मारत असतो.

पंधरवड्याने गणपती आले. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, शाडूची मूर्ती मीच करतो, आणि लिमरिकहून दोन कुटुंबं गाडी काढून येतात. आईने आदल्या दिवशी सगळी तांब्याची भांडी काढली. ताम्हन, पळी, पंचपात्री, तांब्या. इस्लामपूरहून येताना तिने डब्यात चिंच आणली होती, ती भिजवली, मीठ घातलं, आणि सिंकपाशी उभी राहून एकेक घासायला घेतलं. मी ऑफिसातून आलो तेव्हा ओट्यावर पांढऱ्या पंचावर सगळं ओळीने मांडलेलं होतं, लालबुंद, नुकत्याच न्हायलेल्या पोरांसारखं. आणि पळीच्या शेजारी ते नाणं. खिडकीतल्या वाटीत हिरवं कळकट पडलेलं तिला बघवलं नव्हतं.

हे वाचून एखादा जाणकार कपाळावर हात मारेल. पण मी तेव्हा खूश झालो, हे कबूल करतो. हार्पच्या तारा मोजता येत होत्या. डोक्याला कान फुटला होता. दुसऱ्या दिवशी पूजेत आईने गणपतीपुढे विडा मांडला, दोन पानं, त्यांवर सुपारी, आणि दक्षिणा म्हणून तेच नाणं. हळदकुंकू वाहिलं. मी फोटो काढला. मोदक खाऊन लिमरिकच्या मंडळींनीही ते नाणं हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, भारीच रे.

सोमवारी तो फोटो मी ऑफिसात ऊनाला दाखवला. ऊना माझ्या शेजारच्या डेस्कवर बसायची, कॉर्क शहराची, सतत बोलणारी. तिने फोटो जवळ घेऊन पाहिला. मग हळू आवाजात म्हणाली, "नितीन, हे तू यंत्राने काढलंस? परवाना आहे तुझ्याकडे?"

परवाना कसला, मी विचारलं. तिने सांगितलं. या देशात मेटल डिटेक्टर घेऊन जुन्या वस्तू शोधणं हा सरकारी परवान्याशिवाय गुन्हा आहे. शेताच्या मालकाने हो म्हटलं तरी. इंग्लंडात चालतं, इथे नाही. आणि जमिनीत सापडलेली जुनी वस्तू सरकारची. चार दिवसांच्या आत म्युझियमला कळवायची. मी जिन्यात जाऊन फोनवर वाचलं. दंड लिहिला होता, तुरुंगही लिहिला होता. मला सापडून दोन आठवड्यांच्या वर झाले होते. टीव्हीचं लायसन्स मुदतीआधी भरणारा मी, इंग्लंडचे व्हिडिओ बघून आयर्लंडचा कायदा मोडून बसलो होतो. दोन देशांत एक समुद्र आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

घरी मंजिरी म्हणाली, "गप्प बस. पासपोर्ट येईपर्यंत यंत्र आणि नाणं दोन्ही माळ्यावर. कोण बघायला येतंय?" ती काही लबाड बाई नाही. ती हॉस्पिटलात नर्स आहे, औषधाचा अर्धा थेंब इकडचा तिकडे होऊ देत नाही. पण घाबरलेला माणूस असंच बोलतो. माझा विचार आणखी थोर होता, की गुपचूप जाऊन ते होतं तिथे पुन्हा पुरून यावं.

आईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "चोरी केलीस का?"

"नाही गं. माहीत नव्हतं."

"मग जाऊन सांग की."

"सांगितलं तर अर्ज अडकेल माझा. एकदा गार्डांत नाव गेलं की संपलं सगळं."

"अडकला तर अडकला."

ते तिने सहज म्हटलं. मला मात्र भयंकर लागलं. मी बोलून गेलो, "तुला काय, तुला तर तेच हवंय. अर्ज अडकला की मी परत येईन, असंच वाटतंय ना तुला?"

मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. आईने विळी आडवी केली, चिरलेली भाजी झाकली आणि वर खोलीत गेली. मला स्वतःची लाज वाटली आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम वाटू शकतं.

सकाळी मी चहा घेत होतो तेव्हा ती खाली आली. समोर बसली आणि म्हणाली, "नितीन, ते नाणं इड्यावर ठिवलं हुतं. इड्यावरची दक्षिणा आपण ठेवून घेत न्हाई. हितं भटजी न्हाई म्हणून ती घरात राहिली, नाहीतर त्याच दिवशी गेली असती. ते आपलं न्हाईच. ज्याला द्याचं त्याला दे."

मी म्हटलं, "आणि अर्ज?"

"तुज्या अर्जाचं मला कळत न्हाई. मिळावा असं बी म्हणत न्हाई, न मिळावा असं बी न्हाई." तिने माझा कप पुढे सरकवला. "पर त्येंचंच नाणं माळ्यावर दडवून तू त्येंचा कागद घेतलास, तर त्यो तुला गोड लागंल का? तू तसला न्हाईस."

मी चहा संपवला आणि म्युझियमला फोन केला. एका बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, गुरुवारी या म्हणाल्या. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "आणि हो, कृपा करून ते साफ करू नका." मी बरं म्हणालो.

गुरुवारी रजा काढून ३९ नंबरच्या बसने निघालो. आई येणारच होती, तिला घरी थांब म्हणण्याची माझी छाती नव्हती. साडीवर स्वेटर, पायांत मोजे आणि चपला. नाणं कुंकवाच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवलं होतं. बसच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली. झाडांच्या फांद्या काचेवर खडखडत होत्या आणि ती एवढी मजेत बघत होती की आम्ही गुन्हा कबूल करायला चाललोय असं कुणाला वाटलं नसतं. मला मात्र प्रत्येक स्टॉपला उतरून परत जावंसं वाटत होतं.

त्या बाई पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. मी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, यंत्र, शेत, व्हिडिओ, ऊना. पासपोर्ट आणि इमिग्रेशनचं कार्डही काढून टेबलावर ठेवलं, विचारलं नव्हतं तरी. त्यांनी ते बोटाने माझ्याकडे परत सरकवलं. म्हणाल्या, "याचं मला काम नाही." मग डबी उघडली. नाणं उजेडात धरून उलटसुलट पाहिलं.

"हे कशाने घासलंत?" शेवटी त्यांनी विचारलं, अंगठ्याने चोळल्याची खूण करत.

मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात आईने खुणेवरून ओळखलं आणि सरळ उत्तर दिलं, "चिंच. अन् मीठ." मी भाषांतर केलं. बाईंनी ते लिहून घेतलं. "आणि हा लाल रंग?" कुंकू, मी म्हणालो, पूजेत होतं. तेही लिहून घेतलं. मग त्यांनी समजावलं की तो हिरवा थर म्हणजे घाण नव्हे, तो त्या नाण्याची कातडी असतो, आणि एकदा सोलली की परत येत नाही. मी आईला सांगितलं. तिचं तोंड एवढंसं झालं. "मी बिघडवलं व्हय," ती म्हणाली, "घासल्यालं चांगलं असतंय असंच वाटलं मला." बाईंना शब्द कळले नाहीत, पण तोंड कळलं. त्या म्हणाल्या, आईला सांगा की नाणं साधं आहे, अडीचशे वर्षांपूर्वीचा अर्धा पेनी, असे पुष्कळ मिळतात. महत्त्व असतं ते कुठे मिळालं याला, आणि ते लोकांना कधीच आठवत नाही.

मी वही काढली. फाटकापासून एकशे बारा पावलं, कुंपणापासून नऊ, चार बोटं खोल. त्यांनी चष्मा लावला आणि ते पान दोनदा वाचलं. मग उरलेली पानंही चाळली, खिळे, झाकणं, जेरीची पिन. त्यांच्या तोंडावर प्रथमच हसू आलं. पण पुढचं त्या ठणकावून बोलल्या, की पुन्हा यंत्र घेऊन शेतात जायचं नाही, परवान्याशिवाय अजिबात नाही, आणि पुढच्या वेळी कळवायला पंधरवडा लावायचा नाही. मी मान खाली घालून ऐकलं. शेवटी धीर करून विचारलं, माझा नागरिकत्वाचा अर्ज आहे, त्याचं काय होईल? त्या म्हणाल्या, "तुम्ही आपणहून आलात. मी नाण्याची नोंद करते. माणसांची नोंद माझ्याकडे नसते."

एक छापील फॉर्म होता. वस्तू, ठिकाण, खोली, आणि खाली, कुणाला सापडली. तिथे त्यांनी माझं नाव लिहिलं, मला विचारून पत्ता लिहिला, ओंगार. बस. कार्डाचा नंबर नाही, व्हिसाचा शिक्का नाही, मुदत नाही. सहा वर्षांत या देशाच्या कितीतरी कागदांवर माझं नाव लिहिलं गेलं होतं, पण प्रत्येकावर मी अमुक तारखेपर्यंतच होतो. या कागदावर तारीख फक्त नाण्याला होती. त्यांनी फॉर्मची प्रत मला दिली आणि आम्ही उठलो. जाताना त्यांनी आईचा हात हातात घेतला.

ते यंत्र अजून आमच्या जिन्याखालच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, पडून असतं. इस्टेटमधे कुणाची गाडीची किल्ली किंवा अंगठी गवतात पडली तर मला हाक येते, तेवढंच. नागरिकत्वाचा कागदही आला, जवळपास दोन वर्षांनी. मोठ्या हॉलमध्ये शेकडो लोकांबरोबर उभा राहून मी शपथ घेतली, बँड वाजला, मंजिरी रडली, मीही. छानच झालं. पण कुणी मला विचारलं की तू इथला कधी झालास, तर मला तो हॉल आठवत नाही. मला त्या गुरुवारची म्युझियमबाहेरची पायरी आठवते.

आई तिथे थांबली होती, स्वेटरची बटणं लावत. म्हणाली, "काय लिवलं त्या बाईनं?"

"नाणं कुठे सापडलं ते. कुणाला सापडलं ते."

"तुजं नाव लिवलं?"

"हो."

"अन् गाव कुठलं सांगितलंस?"

खोटं बोलता आलं असतं, तिला वाचता येणार नव्हतं. "ओंगार," मी म्हणालो.

तिने शेवटचं बटण लावलं. समोरून ट्रॅफिक चालला होता, त्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल. तिचे डोळे भरलेही होते.

"मग मला त्यो पत्ता नीट पाठ करून दे," ती म्हणाली. "गावाकडं कुणी इचारलं तर सांगता याया पायजे, माझा पोरगा कुठला हाय ते."

बस यायला वीस मिनिटं होती. तेवढ्या वेळात मी तिच्याकडून तो घोकून घेतला, घर नंबरासकट.